ताई, दोन नंबरला काय टाकू?

जून-जुलै आला की तुमच्याही फोनवर हे सुरू होत असेल. ऑफिसात मीटिंग चालू असते, बॉस एक्सेल शीट उलगडून बसलेला असतो आणि खिशात फोन थरथरतो. 'दादा, कम्प्युटर घेऊ की ईएनटीसी?' 'ताई, पुणं बरं की आपलं इथलंच?' विचारणारा कुणी मावसभाऊ असतो, कुणी शेजारच्या काकूंची मुलगी, नाहीतर बाबांच्या मित्राचा मुलगा. तुम्हाला नोकरी लागलीय ना? मग तुम्ही एक्स्पर्ट!

आपणही टेबलाखालून टाइप करतो, 'कम्प्युटरच घे, स्कोप आहे.' सात सेकंदांत सल्ला देऊन मोकळे. पुढची चार वर्षं मात्र त्याला काढायची असतात.

मी असाच एक सल्ला दिला. तो चुकला. त्याचीच ही गोष्ट.

बसमधला कट्टा

संभाजीनगरहून जालना रोडनं निघालात की मुकुंदवाडी, चिकलठाण्याचं विमानतळ, केम्ब्रिज चौक असं मागे पडत जातं आणि मग शेंद्रा लागतं. २००१ मध्ये स्कोडानं इथं गाड्या बांधायला सुरुवात केली, तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि शेंद्रा म्हणजे पार गावाबाहेर. नंतर एमआयडीसी भरत गेली. शेंद्रा-बिडकीन मिळून ऑरिक ही औद्योगिक नगरी आखली गेली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ऑरिक हॉलचं उद्घाटन झालं. आता पहाटे जालना रोडला उभं राहिलात तर कंपन्यांच्या बसची रांगच दिसते.

माझा दादा अशाच एका बसमध्ये असतो. मागच्या सीटवर पाच-सहा इंजिनिअर, सगळे तिशीच्या आत-बाहेरचे. प्रत्येकाला जूनमध्ये तेच फोन, तेच प्रश्न. २०२२ च्या जूनमध्ये दादा म्हणाला, "एकेकाला सांगत बसण्यापेक्षा ग्रुपच काढू या." झक्कास! पण अ‍ॅडमिन कोण? यांना लाइनवर फोन वापरता येत नाही. फ्रीलान्सर म्हणजे दिवसभर घरात रिकामी, असा आमच्याकडे सगळ्यांचा समज. त्यामुळे मास कम्युनिकेशन केलेली मी इंजिनिअरिंगच्या ग्रुपची अ‍ॅडमिन झाले.

ग्रुपचा विषय मुद्दामच बारका ठेवला. सल्ला देणारे कोण? शेंद्रा, चिकलठाणा, वाळूजच्या कंपन्यांत काम करणारे. विचारणारे कोण? मराठवाडा विद्यापीठाच्या संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव या चार जिल्ह्यांतली बारावीची आणि डिप्लोमाची मुलं. बोलायचं फक्त इंजिनिअरिंगच्या प्रवेशावर. मेडिकल नाही, यूपीएससी नाही, गुड मॉर्निंग तर नाहीच नाही.

बारक्या विषयाची गंमत

'चांगलं कॉलेज कुठलं?' हा प्रश्न मोठ्या ग्रुपवर टाकून बघा. शंभर उत्तरं येतात आणि त्यातली नव्वद पुण्या-मुंबईची असतात. आमच्याकडे प्रश्नच वेगळे यायचे. करमाडहून सकाळचं पहिलं लेक्चर गाठता येतं का? डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलं तर गणित झेपतं का? चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममधून टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा केला तर डिग्रीवाल्यांच्या मागे पडतो का? याची उत्तरं त्या वाटेनं गेलेल्यालाच ठाऊक असतात.

मलाही तिथंच एकेक गोष्ट कळत गेली. उदाहरणार्थ, पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरातल्या साधारण नव्वद मुलांच्या पुढे, एवढाच त्याचा अर्थ. किंवा कटऑफच्या यादीतली ती कोडी. सुरुवातीला जी असेल तर जनरल, एल असेल तर लेडीज. शेवटी एच आला तर होम युनिव्हर्सिटी, ओ आला तर बाहेरच्या विद्यापीठाच्या मुलांसाठी, एस आला तर राज्य पातळीवरची जागा. बहुतेक कॉलेजांत विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना ७० टक्के जागा आणि बाहेरच्यांना ३० टक्के. म्हणजे बीडच्या मुलानं पुण्याच्या कॉलेजची एचची ओळ वाचून खूश होण्यात काहीच अर्थ नाही. त्याची ओळ ओची.

आणि प्लेसमेंट! कॉलेजच्या होर्डिंगवर 'हायेस्ट पॅकेज' असतं. ते एका मुलाचं असतं, बाकीच्यांचं काय? २०१६ पासून देशातल्या कॉलेजांची एनआयआरएफ क्रमवारी निघते. तिच्यात भाग घेणाऱ्या कॉलेजांना किती मुलं पास झाली, किती जणांना नोकरी लागली आणि मधल्या मुलाचा पगार किती, ही माहिती द्यावी लागते. दादाचा फंडा सोपा आहे: होर्डिंग बघायचं नाही, मधला मुलगा बघायचा. कारण आपण बहुतेक जण तोच असतो.

ग्रुप वाढला, तोल गेला

व्हॉट्सअ‍ॅपनं २०२२ मध्ये ग्रुपची मर्यादा १०२४ वर नेली. २०२४ पर्यंत आम्हीही आठशेच्या घरात पोचलो होतो. अ‍ॅडमिन म्हणून मला केवढा भाव! पण हळूहळू कोण कुणाला उत्तर देतंय ते कळेना. 'सीट कन्फर्म, पर्सनलवर या' म्हणणारे एजंट घुसले. बसमधले मूळचे पाच-सहा जण गप्प झाले, कारण ते उत्तर टाइप करेपर्यंत दुसऱ्या कुणाची तरी दहा उत्तरं येऊन गेलेली असायची. जास्त बोलायचा तो, ज्याला जास्त वेळ होता. त्यात मी पण आले.

आता २०२५ चा ऑगस्ट. माझी मावशी करमाडला राहते, शेंद्र्याच्या थोडं पुढे. तिच्या धाकट्याला मेकॅनिकल करायचं होतं, तेही घरून जाऊन-येऊन. लहानपणापासून शेंद्र्याच्या कंपन्यांच्या बस बघत वाढलेला पोरगा तो. पहिल्या फेरीत त्याला काहीच लागलं नाही. दुसऱ्या फेरीचा पसंतीक्रम भरायच्या रात्री त्याचा मेसेज आला, "ताई, एक नंबरला शहरातलं मेकॅनिकल टाकलंय. दोन नंबरला काय टाकू?"

मी ग्रुपवर विचारलं. २०२२ ला प्रवेश घेतलेल्या एका मुलानं पाच मिनिटांत उत्तर दिलं: दोन नंबरला बाहेरचं कुठलंही मिळण्यासारखं टाक, सीट हातात राहील, मग पुढच्या फेरीत बेटरमेंटला जा. छातीठोक उत्तर. खाली सोळा अंगठे. मी ते पिन केलं, धाकट्याला फॉरवर्ड केलं आणि झोपले.

त्यानं दोन नंबरला पुण्याकडचं एक खासगी कॉलेज टाकलं. ब्रँच कम्प्युटर. ते लागलं. आणि सीट आपोआप फ्रीज झाली.

त्या वर्षी नियम बदलले होते. कॅपच्या चार फेऱ्या झाल्या होत्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली तर ती घ्यावीच लागते, हे सगळ्यांना माहीत होतं. नवीन होतं ते पुढचं: दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काहीही लागलं तर तेच घ्यायचं. नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. माहितीपुस्तिकेत स्वच्छ लिहिलेलं होतं. २०२२ चा मुलगा खोटं बोलला नव्हता. त्याच्या वेळी ते खरंच होतं. फक्त त्यानं साल सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तिसऱ्या फेरीची यादी लागली तेव्हा शहरातल्याच दुसऱ्या एका कॉलेजात मेकॅनिकलची कटऑफ त्याच्या पर्सेंटाइलच्या खाली आलेली होती.

कायदा म्हणतो, तू सुटलीस

मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा एक निकाल आला. ग्रुपवर एखाद्या सदस्यानं आक्षेपार्ह पोस्ट टाकली, तर त्यात अ‍ॅडमिनचा आधीपासून संगनमतानं सहभाग असल्याशिवाय केवळ अ‍ॅडमिन म्हणून त्याला दोषी धरता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं. प्रकरण वेगळं होतं, पण त्या रात्री मी तो निकाल शोधून शोधून वाचला. स्वतःची समजूत काढायला माणूस काय काय वाचतो!

दुसऱ्या दिवशी मावशीकडे गेले. तिनं चहा टाकला. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तू कशाला मनाला लावून घेतेस? तुला तरी कुठं माहीत होतं?"

हेच तर झोंबलं. मला माहीत नव्हतं, आणि तरी मी सांगितलं होतं. मावशीनं पाटल्या गहाण टाकून होस्टेलचे पैसे भरले. धाकटा ट्रंक घेऊन गेला.

मग आम्ही काय केलं?

पहिला विचार आला ग्रुप बंद करायचा. दादा म्हणाला, "बंद केलास तर पोरं कुठं जातील? एजंटकडेच ना?" मग एका रविवारी बसमधली सगळी मंडळी आमच्या गच्चीवर जमली आणि ग्रुप नव्यानं मांडला.

आधी माणसं कमी केली. आठशेचे दीडशे केले. आत येताना प्रत्येकानं सांगायचं: कुठल्या वर्षी प्रवेश घेतला, कुठल्या मार्गानं, आता काय करतो. उत्तर देताना साल आधी, सल्ला नंतर. 'मी २०२२ ला असं केलं' हे चालेल, 'तू असं कर' हे चालणार नाही. नियमांबद्दलचा प्रश्न असेल तर ग्रुपनं उत्तर द्यायचंच नाही. सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका पिन करायची आणि पान नंबर सांगायचा. तरी शंका असेल तर प्रवेशासाठी नेमलेल्या सुविधा केंद्रावर जायला सांगायचं. फीचा आकडा तोंडी चालणार नाही, शुल्क नियामक प्राधिकरणानं ठरवलेलाच. रात्री दहा ते सकाळी सहा ग्रुपला कुलूप, कारण घाबरलेल्या मुलांना रात्री बारा वाजता मिळालेले सल्ले सगळ्यात वाईट असतात. हे मी स्वानुभवावरून सांगते!

आणि एक नियम माझ्यासाठी. ज्याला सल्ला दिला त्याला दिवाळीत फोन करायचा. जमतंय का, चुकलं का, पुढच्या वर्षीच्या पोरांना काय सांगू? आधी आम्ही हे कधीच केलं नव्हतं. सल्ला दिला की आमचं काम संपायचं. नेमकं त्याच दिवशी मुलाचं सुरू व्हायचं.

स्कोपचं काय?

हा प्रश्न तुम्हालाही येणार, म्हणून सांगते. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर आणि एथर या दोघांनी ऑरिकमध्ये कारखाने उभारण्याचे करार-घोषणा केल्या. लगेच ग्रुपवर सुरू झालं, 'ईव्हीला स्कोप, इलेक्ट्रिकल घ्या.' खरं असेलही. पण २०२५ ला आत गेलेला मुलगा बाहेर पडणार २०२९ ला. तेव्हा शेंद्र्यात कुणाला कोण हवं असेल, हे बसमधल्या कुणीच छातीवर हात ठेवून सांगत नाही. ते एवढंच सांगतात की आज त्यांच्या लाइनवर कोण काम करतं, नव्या पोराला पहिल्या सहा महिन्यांत काय अडतं आणि त्यांच्या मते कॉलेजात काय शिकायला हवं होतं. ते ऐकून पोरगा स्वतः ठरवतो. स्कोप सांगणाऱ्यापेक्षा हा माणूस जास्त उपयोगी.

तेव्हा पुढच्या जूनमध्ये फोन थरथरला की मीटिंगमधून उत्तर देऊ नका. 'रात्री फोन करतो' म्हणा आणि खरंच करा. आधी त्याला विचारा, घरून जायचंय की बाहेर? पैसे किती आहेत? काय करायला आवडतं? मग तुमचं साल सांगा. माहीत नसेल तिथं 'माहीत नाही' म्हणा. त्यानं तुमची पत जात नाही. माझी तर उलट राहिली असती.

धाकट्याचं विचाराल तर कम्प्युटर त्याला अजून फारसं आवडलेलं नाही. दिवाळीला आला तेव्हा फराळ करता करता म्हणाला, "ताई, मला ग्रुपवर घे." मी जरा घाबरतच घेतलं. दोनच दिवसांत डिप्लोमाच्या एका मुलीचा पसंतीक्रमाबद्दल प्रश्न आला. सगळ्यांच्या आधी त्याचं उत्तर होतं:

'मी २०२५ ला प्रवेश घेतला. दोन नंबर न वाचता भरला आणि तोच लागला. तुझ्या वर्षीचा नियम वेगळा असू शकतो, आधी पुस्तिका बघ. मग फोन कर, मी आहे.'