चोरखिशातलं बत्तीस

पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचा विषय निघाला की आमच्या घनसावंगी, अंबड, परतूर पट्ट्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सगळ्यात बारकं कोणतं मिळतं?" आडत दुकानदार हेच विचारतो, सराफ हेच विचारतो, पंपाची रोकड तालुक्याला घेऊन जाणाराही हेच विचारतो. बंडीच्या चोरखिशात मावलं पाहिजे, सदऱ्यावरून दिसता कामा नये आणि वजन जाणवता कामा नये, एवढ्या तीन अटी असतात. नेमबाजीचं वेड मला तरुणपणी लागलं. तेव्हापासून मिळेल तिथे हत्यारं हाताळली, त्यांच्याबद्दल वाचलं, जाणत्यांशी वाद घातले. त्या साऱ्या उमेदवारीनंतर माझं मत पक्कं झालं आहे की हत्यार जितकं लहान, तितकं ते चालवायला अवघड. हा लेख त्या मताच्या बाजूने आहे.

आधी कायदा, थोडक्यात. शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. वय २१ पूर्ण हवं. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्याकडे जालन्याला. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडे. पोलिसांचा अहवाल येतो, जिवाला धोका का आहे ते कागदावर दाखवावं लागतं, हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. नकार मिळाला तर अपील करता येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच हत्यारं राहिली. वरातीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि विनापरवाना गावठी कट्टा घरात ठेवणारा स्वतःच्या संसारावरच तो रोखून बसलेला असतो.

यातला एक नियम मात्र नीट वाचावा. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि स्वतःच्या ताब्यात असलं पाहिजे. कमरेला दिसेल असं खोचून बाजारातून फिरण्यात लोकांना रुबाब वाटतो. नियमाला तो मंजूर नाही. म्हणजे झाकून बाळगणं ही आपल्याकडे आवड-निवडीची गोष्ट नाही, ती अटच आहे.

आता माझ्या आवडीच्या मुद्द्याकडे वळतो. आपल्याकडे सगळी चर्चा 'बत्तीस'भोवतीच का फिरते? लष्कर आणि पोलीस वापरतात ते ९ मिलिमीटर, .३८, .४५५ यांसारखे बोअर सामान्य नागरिकाला बंद आहेत. सरकारी कोठारातली काडतुसं खासगी हत्यारात चालू नयेत, हा त्यामागचा जुना हिशेब. उरलेल्या बोअरांत सहज मिळणारं, काडतुसं मिळत राहणारं आणि स्वसंरक्षणाला कसंबसं पुरणारं म्हणजे .३२. त्यात १९८० च्या दशकात परदेशी हत्यारांची आयात नागरिकांना बंद झाली. तेव्हापासून आधीच देशात असलेली वॉल्थर, कोल्ट, स्मिथ अँड वेसन ही नावं हातोहाती सोन्याच्या भावाने फिरतात. हौसेला ती ठीक आहेत. पण ज्याचा सुटा भाग मोडला तर मिळणार नाही, त्याच्यावर जीव टांगणं मला पटत नाही.

बत्तीस म्हणताना एक घोटाळा नेहमी होतो. रिव्हॉल्व्हरचं बत्तीस वेगळं आणि पिस्तुलाचं वेगळं. रिव्हॉल्व्हरचं काडतूस, .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, हे १८९६ मधलं. लांबट, बुडाला ठळक कडा असलेलं. पिस्तुलाचं .३२ एसीपी हे जॉन ब्राउनिंगने १८९९ च्या सुमारास बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी बांधलं. ते आखूड आणि मॅगझिनमधून सरकायला सोयीचं. एकाचं काडतूस दुसऱ्यासाठी नाही. दुकानात नुसतं "बत्तीसची पेटी द्या" म्हणणारा माणूस अजून आपल्या हत्याराशी बोललेलाच नसतो.

ब्राउनिंगचं नाव आलं की आपल्या मुलखातल्या माणसाला नाशिक आठवायला हवं. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात पाठवली. ती लपवून आणता आली, याचं कारण त्यांचा आकार.  ब्राउनिंगच्या रचनेने पिस्तूल चपटं झालं आणि सामानात दडलं. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंगमधूनच. कान्हेरे तेव्हा औरंगाबादेत शिकत होते, आणि आपला सारा भाग त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. नाशिकला गेलो की मी त्या जागेकडे पाय वळवतो. लहान पिस्तुलाने हत्याराचा इतिहास कसा बदलला, याचा इतका जवळचा दाखला आपल्याला दुसरीकडे शोधावा लागत नाही.

आता माझं लाडकं हत्यार: कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर. त्याचं घराणं इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटचं. वरची खिट्टी अंगठ्याने दाबली की नळी पुढे झुकते, रिव्हॉल्व्हर मधोमध उघडतं आणि सहाही पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. आमच्या मामांकडे जुनं वेब्ली होतं. ते उघडताना होणारा तो घट्ट, नेमका आवाज मला आजही कुठल्याही यंत्राच्या आवाजापेक्षा जास्त आवडतो. मामा दर दिवाळीला ते साफ करायचे, आम्हा पोरांना हात लावू द्यायचे नाहीत, पण प्रत्येक भागाचं काम समजावून सांगायचे. नळी, चक्र, घोडा, चाप. चाप ओढला की चक्र एक घर फिरतं, घोडा मागे जातो आणि पडतो. सगळं डोळ्यांसमोर. पिस्तुलात तेच काम झाकलेल्या पोटात होतं.

म्हणूनच रोज सराव न करणाऱ्या माणसाला मी रिव्हॉल्व्हर सुचवतो. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तुलात अशा वेळी वरचा भाग मागे ओढून अडकलेलं काडतूस काढावं लागतं. अंधारात, थरथरत्या हाताने हे जमायला शेकडो वेळा केलेलं असावं लागतं. पिस्तूल चपटं असतं, अंगाला लागून बसतं, गोळ्या जास्त मावतात, हे सगळं खरं. आपल्याकडचं सरकारी बनावटीचं .३२ 'अशनी' पिस्तूल चांगलं आहे. पण त्याची मागणी सरावाची आहे, आणि परवानाधारकांतले बहुतेक जण रेंजवर फिरकत नाहीत.

काडतुसाबद्दलही सांगितलंच पाहिजे. भारतीय .३२ रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचं बूड उलटून पाहिलं तर 'केएफ' अशी रोमन अक्षरं कोरलेली दिसतात. ती पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण, इंग्रजी काळातल्या 'किरकी' या नावावरून. कारखाना १८६९ चा. आता तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे आणि त्या कंपनीचं मुख्यालयही पुण्यातच. मी पेटी घेतो तेव्हा प्रत्येक काडतुसाचं बूड पाहतो, पितळेवर हिरवट डाग आहे का ते तपासतो, पेटीवरचं वर्ष लिहून ठेवतो. दहा वर्षं कपाटात पडलेली काडतुसं संरक्षणासाठी बाळगू नयेत. ती सरावाला वापरून टाकावीत आणि नवी घ्यावीत.

आता त्या "बारक्या" हत्यारांकडे. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने 'निर्भीक' आणलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन सुमारे ५०० ग्रॅम, तेव्हाची किंमत १ लाख २२ हजारांच्या पुढे. दिल्लीतल्या निर्भयाच्या आठवणीशी नाव जोडून ते महिलांसाठी म्हणून पुढे केलं गेलं, आणि महिला संघटनांनीच त्यावर कडक टीका केली. सुरक्षितता पुरवणं हे सरकारचं काम. ते लाखभर रुपयांना बाईच्या पर्समध्ये ढकलता येत नाही, हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. नंतर आलेलं 'निडर' .२२ चं, जेमतेम २५० ग्रॅम. हातात घेतलं की खेळणं वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो. .२२ च्या काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत असतो, मधल्या टोपीत नाही. त्यामुळे फुसका बार निघण्याची शक्यता जास्त.

हलक्या हत्याराचा धक्का जास्त का बसतो, हे समजून घ्यावं. गोळी पुढे जाते तेवढ्याच जोराने हत्यार मागे येतं. बैलगाडी भरलेली असली तर खड्ड्यात कमी उसळते आणि रिकामी असली तर हाडं खिळखिळी करते, तसंच हे. नळी आखूड असली की पुढची आणि मागची माशी जवळ येते, आणि नेमातली केसभर चूक समोर हातभर होते. मूठ लहान असली की करंगळी लोंबकळते आणि पकड सुटते. ७०० ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर ज्याला जड वाटतं, त्याने पाच मीटरवर सहा गोळ्या झाडून बघाव्यात आणि मग हलक्यातून तेवढ्याच झाडाव्यात. कागदच उत्तर देतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरहून 'प्रबल' आलं, त्याने मला खरा आनंद दिला. चक्र बाजूला उघडतं, त्यामुळे नळी आणि मूठ यांची चौकट अखंड राहते. ७६ मिलिमीटर नळी, सुमारे ७०० ग्रॅम वजन, ५० मीटर पल्ल्याचा दावा. स्वसंरक्षणाचा प्रसंग ५० मीटरवर घडत नाही, तो खोलीच्या अंतरावर घडतो. पण अचूकतेचं लक्षण म्हणून तो आकडा महत्त्वाचा. घेणाऱ्याने कराचाही विचार करावा: सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला आहे.

आता बाळगण्याचं. मराठवाड्याच्या मे महिन्यात घामाने लोखंड आठवड्यात डाग धरतं. चामड्याचं होल्स्टर ओलावा शोषून ठेवतं, म्हणून रात्री हत्यार होल्स्टरमधून काढून पुसावं, तेलाचा हलका हात द्यावा. चोरखिशात हत्यार नुसतं टाकू नये. किल्ल्या, तंबाखूची डबी, सुटे पैसे त्याच खिशात असतील तर चापात काय अडकेल याचा भरवसा नाही. चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर हवंच. ज्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा अडवणारी पट्टी नाही, त्यात घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची रीत शहाण्यांनी पाडली आहे. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेता गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधली गोळी लागली, ती बातमी सगळ्यांनी वाचली. माझ्या ओळखीच्या परवानाधारकांनी त्या दिवशी तरी आपलं हत्यार उघडून बघितलं असेल, अशी मी आशा करतो.

हत्यार चालवण्याचा हक्क कुठवर? भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं वाचावीत. १ जुलै २०२४ पासून ती लागू आहेत. संरक्षणासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही, हे त्यांचं सार. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणं म्हणजे संरक्षण नव्हे. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या घनसावंगी तालुक्यातल्या जांबसमर्थच्या राममंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या आणि तेव्हा परवान्यांची चर्चा गावोगाव रंगली. त्या मूर्ती परत आल्या त्या पोलीस तपासाने. अपरात्री बंद देवळात होणारी चोरी कुणाच्या चोरखिशातलं बत्तीस थांबवू शकलं नसतं. चांगलं कुलूप, दिवे आणि राखण यांनी ती थांबली असती.

गोदावरीपलीकडचा बीड जिल्हा दुसरी बाजू दाखवतो. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर तिथल्या हजाराहून अधिक परवान्यांची चर्चा महाराष्ट्रभर झाली, आणि प्रशासनाला परवाने तपासून अनेक रद्द करावे लागले. परवाना म्हणजे वजन, दरारा, गाडीच्या काचेवरचा मान, ही समजूत ज्या भागात रुजते, तिथे खऱ्या गरजूचा अर्जही संशयाच्या ढिगात पडतो. याचा मला राग येतो, कारण खरी गरज असलेली माणसं आहेत: वस्तीवर एकटं राहणारं वयस्कर जोडपं, धमक्या आलेला साक्षीदार, रोकड घेऊन आडवाटेने जाणारा व्यापारी.

त्यांना माझा सल्ला असा. वस्तीवर आधी कुत्रं, दिवे, मजबूत दार आणि फोनवर ११२. रानडुक्कर आणि रोही यांच्यापासून पीक राखायचं असेल तर पिस्तुलाचा विचारच सोडा. त्या कामासाठी कायद्याने लांब नळीच्या बंदुकीचा वेगळा मार्ग ठेवला आहे. याउपरही रिव्हॉल्व्हर लागणारच असेल, तर हाताच्या मापाचं, पोलादी, ७०० ग्रॅमच्या आसपासचं .३२ घ्या, खिशाच्या मापाचं घेऊ नका. दुकानात ते रिकामं असल्याची खात्री करून चाप ओढून बघा. पुढची माशी हलली तर मूठ तुमची नाही. आणि वर्षातून निदान काही वेळा रेंजवर जायला ज्याला वेळ नाही, त्याने अर्ज करू नये, कारण सराव नसलेल्या हातातलं हत्यार शेवटी समोरच्याच्या हातात जातं.