तीन दांड्यांची जीप

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत प्रवासी गाडी कोणत्याही कंपनीची असो, गावकरी तिला 'जीप'च म्हणतात. अमेरिकेतील एका कारखान्याचे हे नाव सिरोंचापर्यंत सामान्यनाम होऊन बसले. मात्र ज्या गाडीमुळे ते रुजले, ती मूळ इंजिन आणि मूळ गिअरबॉक्ससह आता अभावानेच दिसते. लाखोंच्या संख्येने तयार झालेली गाडी दुर्मीळ कशी ठरते, याचे उत्तर तिच्या चालकाच्या उजव्या-डाव्या हाताशी असलेल्या दांड्यांत दडलेले आहे.

युद्धभूमीवरून माझगावला

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांना शक्ती मिळणारी गाडी हवी होती. १९४० मध्ये अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीने पहिला नमुना दिला. प्रचंड मागणी पुरवणे मात्र तिच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यामुळे मोठे काम विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्याकडे गेले. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. बँटमच्या वाट्याला आल्या जेमतेम अडीच-पावणेतीन हजार. संग्राहक आज बँटमच्या मागे धावतात, ते याच कारणाने.

मुंबईत २ ऑक्टोबर १९४५ रोजी महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र असे बदलले. माझगाव येथे विलीजच्या सुट्या भागांतून जीप जोडण्यास १९४९ मध्ये प्रारंभ झाला. पुढे उंच बॉनेटची 'सीजे-३बी' ही जीप भारतीय रस्त्यांची ओळख बनली. तिच्या नव्या 'हरिकेन' इंजिनात आत येणाऱ्या वायूची झडप वरच्या बाजूस होती. इंजिन उंच झाले म्हणून बॉनेटही उंच करावे लागले, इतके ते साधे कारण होते.

दांडे तीन कशासाठी?

जुन्या जीपमध्ये चालकाजवळ तीन दांडे असतात. पहिला नेहमीच्या गिअरचा. दुसऱ्याने पुढच्या चाकांना शक्ती जोडली जाते. तिसरा 'हाय' आणि 'लो' यांतील निवड करतो. शेवटचे दोन 'ट्रान्सफर केस' या वेगळ्या पेटीचे असतात. पुढची चाके जोडल्याखेरीज 'लो' पडत नाही, अशी अडसराची व्यवस्था त्या पेटीतच आहे. सारा भार केवळ मागच्या दांड्यावर येऊन तो तुटू नये, हा त्यामागचा हेतू.

नागरी वापराच्या जीपमधील 'टी-९०' या गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याचे तीनच गिअर होते. पहिल्या गिअरचे प्रमाण २.८, ट्रान्सफर केसमधील 'लो'चे सुमारे २.४६ आणि डिफरन्शियलचे ५.३८. या तिघांचा गुणाकार केला, की इंजिनाच्या सुमारे ३७ फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी, असे गणित निघते. युद्धकालीन जीपमध्ये हाच आकडा सुमारे साडेपंचवीस होता. लष्कराला वेग हवा होता, शेतकऱ्याला नांगर ओढायचा होता. फरक त्यातून आला.

या ३७ आकड्याचा अर्थ जंगलात कळतो. इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांवर असताना गाडी ताशी साडेतीन-चार किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीने पुढे सरकते. नाल्याच्या वाळूत चाक गरगरत नाही आणि उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवते. ट्रान्सफर केसमधून स्वतंत्र शाफ्ट काढून विंच, करवत किंवा पंप चालविण्याची सोयही अमेरिकी कंपनीने देऊ केली होती.

दोष नव्हते असे नाही. पहिला गिअर चालत्या गाडीत सहज पडत नसे. गाडी थांबवावी लागे, नाहीतर 'डबल क्लच' करावा लागे. पुढची-मागची चाके जोडलेली ठेवून डांबरी रस्त्यावर गाडी पळविली, तर वळणावर दोन्हीकडच्या चाकांच्या फेऱ्यांतील फरक सामावून घ्यायला मध्ये डिफरन्शियलच नाही. मग सारा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. अनेक जुन्या पेट्या निकामी झाल्या त्या जंगलामुळे नव्हे, अशा डांबरी सवयीमुळे.

या दोन जिल्ह्यांत

२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा होईपर्यंत चंद्रपूर जिल्हा वरोऱ्यापासून सिरोंचापर्यंत दोनशे किलोमीटरहून अधिक पसरलेला होता. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती यांच्या या मुलखात रेल्वे नाममात्र आणि पूल थोडे. पर्लकोटेला पूर आला, की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आजही बातम्यांतून वाचावे लागते. अशा प्रदेशात चारही चाकांची गाडी ही हौस नव्हती, गरज होती.

गरजेनेच गाडीचे रूप बदलले. पेट्रोलचा खर्च परवडेना, म्हणून डिझेल इंजिने आली. खुद्द कंपनीने प्युजोच्या तंत्रावरील डिझेल इंजिन दिले. जुन्या पेट्रोल जीपमध्येही तशी इंजिने बसविली गेली. नव्या इंजिनाबरोबर बहुधा चार गिअरची पेटी आली आणि तीन गिअरची जुनी पेटी भंगारात गेली. ताडोब्यात पर्यटकांच्या दिमतीला मारुतीची जिप्सी आली. १९८५ मध्ये बाजारात आलेल्या जिप्सीचे उत्पादनही २०१९ मध्ये थांबले. २०२० च्या नव्या थारमध्ये तर सहा गिअरची स्वयंचलित पेटी हा पर्यायही मिळू लागला. हाय-लोचा दांडा मात्र तिनेही ठेवला.

पंधरा आणि पन्नास

खरा पेच कायद्याचा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद झाली. वाहन पन्नास वर्षांहून जुने हवे आणि चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठा बदल झालेला नको. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क आहे. नोंदणी दहा वर्षे टिकते. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी चालविता येत नाही. नियमात गिअरबॉक्सचा उल्लेख नाही, पण इंजिन बदललेली जीप सरळ बाहेर पडते. जंगलात राबली म्हणून जी टिकली, ती राबण्यासाठी बदलली म्हणून अपात्र ठरते.

दुसरीकडे, १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले असून ती नोंदणीकृत केंद्रात मोडीत काढावी लागतात. यापूर्वी सरकारी जीप लिलावातून खासगी हाती जाई आणि एखादी पन्नाशी गाठे. यापुढे सरकारी गाडीला पंधरा ते पन्नास हा प्रवास करणेच शक्य नाही.

ज्यांच्या अंगणात अशी जीप उभी आहे, त्यांनी निदान दोन गोष्टी कराव्यात. नोंदणी पुस्तकातील इंजिन व चासी क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत आणि काढून ठेवलेली तीन गिअरची पेटी वजनावर विकू नये. चंद्रपूरसारख्या ठिकाणी एखाद्या संग्रहालयाने वा वन विभागाने एक मूळ जीप तिच्या तिन्ही दांड्यांसह जतन केली, तर पुढच्या पिढीला या मुलखाचे रस्ते कसे उघडले गेले, हे हाताने चाचपून पाहता येईल. लाखांतली एक वाचवायला फार पैसा लागत नाही. ती भंगाराच्या काट्यावर चढण्याआधी कोणीतरी ओळखावी लागते.