मुलींचा फुटबॉल : मैदान आहे, प्रेक्षक कुठे आहेत?

नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमने चार वर्षांच्या आत महिलांचे तीन मोठे अंतिम सामने पाहिले. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी चीनने दक्षिण कोरियाला ३-२ असे हरवून फुटबॉलचा आशियाई करंडक जिंकला, तेव्हा कोविडमुळे सामान्य प्रेक्षकांना दारे बंद होती. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला स्पेनने कोलंबियाला १-० असे नमवून १७ वर्षांखालील मुलींचा फुटबॉल विश्वचषक उंचावला. आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेवर मात करून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा स्टेडियम खचाखच भरले होते. यातील तिसरा सामना घरोघरी ठाऊक आहे. पहिले दोन आपल्याच राज्यात झाले होते, याची आठवण किती जणांना आहे?

'आपल्याकडे फुटबॉल कोण बघतो?' हे यावरचे ठरलेले उत्तर. ते कोल्हापुरात जाऊन कोणी देऊ नये. तेथील शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा यांच्या सामन्यांना हजारोंची गर्दी लोटते. पेठापेठांत पैजा आणि भांडणे होतात. ही गर्दी दूरचित्रवाणीने घडवलेली नाही. संघ आपल्या पेठेचा, मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आणि हंगाम दरवर्षी ठरलेल्या काळात, या तीन गोष्टींनी ती पिढ्यानपिढ्या घडली. महिलांच्या देशांतर्गत फुटबॉलला नेमक्या याच तीन गोष्टी मिळालेल्या नाहीत.

इंडियन विमेन्स लीगची अंतिम फेरी प्रथम २०१७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत झाली. सहा संघ, एकच शहर दिल्ली, एकच आंबेडकर स्टेडियम. मणिपूरचा ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन विजेता ठरला. पुढे स्पर्धा शिलाँग, लुधियाना, बंगळुरू, भुवनेश्वर, अहमदाबाद अशी फिरत राहिली. सर्व संघांना एका गावी गोळा करायचे आणि काही आठवड्यांत स्पर्धा उरकायची, ही पद्धत खर्चाच्या दृष्टीने समजण्याजोगी आहे. मात्र तिचा अर्थ असा, की बहुतेक संघ परक्या गावी खेळतात. लुधियानात तमिळनाडूचा सेथू एफसी विजेता झाला, तेव्हा त्याच्या घरचे प्रेक्षक येणार तरी कोठून? दुपारच्या उन्हातला, कामाच्या दिवशीचा, दोन परप्रांतीय संघांचा सामना बघायला स्थानिक माणूस आला नाही, तर त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर सामने खेळवण्याची रीत २०२३-२४ च्या हंगामात सुरू झाली. त्या वर्षी ओडिशा एफसी आणि २०२४-२५ मध्ये ईस्ट बंगाल विजेते ठरले. कोलकात्यातील जुन्या, नावाजलेल्या क्लबच्या मुलींनी करंडक जिंकणे ही प्रेक्षक जोडण्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. चाहते नव्याने शोधावे लागले नाहीत, ते आधीपासूनच होते. दुर्दैवाची बाब म्हणजे या दोन्ही हंगामांत अव्वल श्रेणीत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता.

वास्तविक सुरुवातीला आपण पुढे होतो. २०१७ च्या त्या सहा संघांत एफसी पुणे सिटी होता. इंडियन सुपर लीगच्या क्लबांपैकी केवळ त्यानेच अंतिम फेरीत महिला संघ उतरवला होता. २०१९ मध्ये तो क्लबच बंद पडला. त्यानंतर एफसी कोल्हापूर सिटी आला, २०२१-२२ मध्ये मुंबईचा पिफा स्पोर्ट्स, २०२२-२३ मध्ये मुंबई नाइट्स. दर दोन-तीन वर्षांनी नवे नाव. एखाद्या संघाची ओळख होते न होते तोच तो दिसेनासा होतो. पुण्यातील एखाद्या मुलीने २०१७ साली त्या संघाचा चाहता व्हायचे ठरवले असते, तर दोनच वर्षांत तिच्याकडे चाहते होण्यासारखे काही उरले नसते.

आता वृत्तपत्रांविषयी, यात आम्हीही आलोच. क्रीडा पानावर जागा मिळते ती गर्दीला, वादाला आणि ओळखीच्या चेहऱ्यांना. लीगचे बहुतेक सामने यूट्यूबसारख्या माध्यमांतून दाखवले गेले. ज्याला ठाऊक असेल त्याने शोधून बघावे. सलग वार्तांकन नसल्याने चेहरे ओळखीचे होत नाहीत, आणि चेहरे ओळखीचे नसल्याने बातमी चार ओळींत संपते. ऑगस्ट २०२२ मध्ये महिला क्लब फुटबॉलची बातमी ठळकपणे झळकली, पण कशामुळे? 'फिफा'ने भारतीय महासंघाला निलंबित केले आणि स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेल्या गोकुलम केरळच्या खेळाडूंना न खेळताच परतावे लागले. लीगचे विजेतेपद मिळवून जे साधले नव्हते, ते अन्यायाने साधले!

महिला प्रीमियर लीगचा पहिला हंगामही २०२३ मध्ये केवळ मुंबई-नवी मुंबईतच झाला, मग तिथे गर्दी कशी, असे कोणी विचारील. तेथे पाच वर्षांच्या प्रसारणहक्कांचे ९५१ कोटी रुपये आधीच मोजले गेले होते. ज्याने एवढा पैसा ओतला, तो सामने लोकांसमोर आणणारच. फुटबॉलला असा धनी मिळालेला नाही.

परदेशातील आकडे पाहून मात्र हुरळून जाऊ नये. बार्सिलोनाच्या महिला संघाने ३० मार्च २०२२ रोजी रेआल माद्रिदविरुद्ध ९१,५५३ प्रेक्षक खेचले. पण या संघाचे नेहमीचे मैदान सुमारे सहा हजार आसनांचे आहे. इंग्लंडची कथा तर अधिक बोलकी. १९२० च्या डिसेंबरात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांच्या सामन्याला ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी तेथील संघटनेने आपल्या सदस्य क्लबांची मैदाने महिलांना बंद केली, आणि ही बंदी जवळपास पन्नास वर्षे टिकली. प्रेक्षक नव्हते म्हणून खेळ थांबला नाही. मैदान काढून घेतले म्हणून प्रेक्षक गेले.

आपल्याकडे मैदान कोणी काढून घेतलेले नाही, ते फक्त लांब आहे. २०१७ मध्ये राज्य शासनाच्या 'मिशन वन मिलियन' उपक्रमात राज्यभरच्या शाळांपर्यंत फुटबॉल पोहोचवण्याचा प्रयत्न झाला. समजा, राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यातील एखाद्या मुलीला तेव्हा हा खेळ आवडला. साखर, मार्गासनीवरून नसरापूर फाटा आणि तेथून साताऱ्याच्या रस्त्याने पुणे. बालेवाडीचे क्रीडासंकुल शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. चीन-जपान हा आशियाई करंडकाचा उपांत्य सामना, जो पेनल्टीपर्यंत रंगला, तो याच जिल्ह्यात बालेवाडीला झाला. तो ती पाहू शकली नाही, आणि दरवर्षी पाहता येईल असा पुण्याचा संघही तोवर राहिला नव्हता.

जुलै २०२५ मध्ये भारतीय महिलांनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असे हरवून आशियाई करंडकाची पात्रता मिळवली. त्यानंतर अभिनंदनाचे संदेश भरपूर आले. त्यापेक्षा कोल्हापुरातील एखाद्या तालमीने आपल्याच नावाचा मुलींचा संघ काढला आणि पुरुषांच्या सामन्याआधी, त्याच तिकिटावर, शाहू स्टेडियमवर उतरवला, तर पेठेतील निम्मे लोक दीड तास आधी येऊन बसतील, असे आम्हाला वाटते.