कळ दाबा आणि बोला

दहा माणसे एकाच वेळी बोलू लागली, तर सभेत कोणाचेच बोलणे ऐकू येत नाही. म्हणून सभेला अध्यक्ष लागतो आणि वर्गाला हात वर करण्याची शिस्त लागते. श्रोतेहो, आज ज्या यंत्रव्यवस्थेची आपण ओळख करून घेणार आहोत, तिच्या मुळाशी हाच साधा नियम आहे. तिचे रूढ नाव ‘पुश-टू-टॉक’. मराठीत तिला ‘कळ दाबून बोलणे’ म्हणता येईल. मोबाइल फोनच्या अंगाला एक कळ असते. ती दाबून धरली म्हणजे आपण बोलायचे. सोडली म्हणजे ऐकायचे. नंबर लावणे नाही, घंटी नाही, पलीकडच्याने फोन उचलण्याची वाट पाहणे नाही. ऐकणारा एक असो वा शंभर असोत, बोलणाऱ्याला एकदाच बोलावे लागते.

साध्या दूरध्वनीत दोन्ही बाजूंना एकाच वेळी बोलता येते. त्यासाठी जाण्याचा व येण्याचा असे दोन मार्ग संभाषण संपेपर्यंत राखून ठेवलेले असतात. वस्तुतः एक बोलत असताना दुसरा बहुधा ऐकतच असतो. म्हणजे अर्धा मार्ग रिकामाच पडून राहतो. दोघांच्या गप्पांना ही उधळपट्टी परवडते. परंतु वीस मजुरांना ‘क्रेन खाली येत आहे, दूर व्हा’ असे सांगायचे असेल, तर वीस वेळा फोन लावीपर्यंत क्रेन थांबत नाही.

कळ दाबून बोलण्याची पद्धत मोबाइल फोनहून जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी शिकागोच्या गॅल्व्हिन कंपनीने पाठीवर बांधून नेण्याचा एक बिनतारी संच तयार केला. याच कंपनीचे नाव १९४७ पासून मोटोरोला झाले. संचाचे वजन पंधरा-सोळा किलो, आणि त्याची धाव साधारण पाच किलोमीटर. ‘वॉकी-टॉकी’ हे नाव लोकांच्या तोंडी बसले ते अशा संचांमुळे. यांत बोलणे आणि ऐकणे एकाच लहरीवर चालते. आपला प्रक्षेपक चालू असताना त्याच्या जोरापुढे दुरून येणारा क्षीण ध्वनी आपल्याच संचाला ऐकू येणे शक्य नसते. म्हणून कळ दाबली की कान बंद आणि कळ सोडली की तोंड बंद. बोलून झाले हे पलीकडच्याला कळावे यासाठी शेवटी ‘ओव्हर’ म्हणण्याची रीत पडली.

या साध्या यंत्राचे दोष तीन. त्याची धाव थोडी. डोंगर किंवा मोठी इमारत आड आली की तीही खुंटते. दोघांनी एकदम कळ दाबली, तर दोघांचे बोलणे एकमेकांत मिसळते किंवा जोरकस लहर दुसरीला गिळून टाकते, आणि कोणाचे बोलणे गेले हे त्याचे त्यालाही समजत नाही. तिसरा दोष म्हणजे कोणाची कळ चुकून दाबलेली राहिली, तर साऱ्या गटाची वाट अडते. सभेला अध्यक्षच नसावा, अशी ही स्थिती.

मोबाइलच्या मनोऱ्यांचे जाळे आणि वॉकी-टॉकीची सोय यांची सांगड प्रथम मोठ्या प्रमाणावर घातली ती अमेरिकेतील नेक्सटेल या कंपनीने. ‘फ्लीट कॉल’ या नावाने ती १९८७ साली निघाली आणि १९९३ साली तिने नेक्सटेल हे नाव घेतले. टॅक्सी व मालमोटारी चालविणाऱ्यांसाठी राखलेल्या लहरींचे परवाने तिने ठिकठिकाणी विकत घेतले आणि त्यांवर मोटोरोलाची ‘आयडेन’ नावाची व्यवस्था उभी केली. तिची युक्ती वेळेच्या वाटणीची होती. एका लहरमार्गावर ९० सहस्रांश सेकंदांचे एक चक्र चाले आणि त्याचे १५ सहस्रांशांचे सहा भाग पाडलेले असत. प्रत्येक बोलणाऱ्याच्या वाट्याला चक्रातला एक भाग येई. आवाजाचे अंकांत रूपांतर करून तो दाबून त्या भागात बसविला जाई. कान इतका सूक्ष्म खंड ओळखू शकत नाही, म्हणून बोलणे सलग वाटे. खरी काटकसर गटाच्या संभाषणात होती. एका मनोऱ्याच्या टापूत गटाचे पाच जण असोत वा पन्नास, बोलणारा एकच असल्याने त्या सर्वांना ऐकविण्यास एक भाग पुरे होई. बांधकामाच्या जागी, मालवाहतुकीत आणि दुरुस्तीच्या कामांवर कंपनीची ही सोय फार लोकप्रिय झाली. २००५ साली नेक्सटेल स्प्रिंट या कंपनीत विलीन झाली आणि ३० जून २०१३ रोजी हे जाळे कायमचे बंद करण्यात आले.

तोवर हेच काम वेगळ्या मार्गाने करता येऊ लागले होते. एका विशिष्ट कंपनीच्या जाळ्यावर अवलंबून न राहता, ज्या वाटेने मोबाइलवर पत्रे व चित्रे येतात त्याच वाटेने आवाजही पाठवावा, अशी ही कल्पना. ओपन मोबाइल अलायन्स या संस्थेने २००६ साली तिची पहिली नियमावली पूर्ण केली. या पद्धतीत कळ दाबल्यावर काय घडते, ते क्रमाने पाहू.

कळ दाबताच आवाज जात नाही. प्रथम जाते ती विनंती. ‘अमुक गटाशी बोलण्याची मला परवानगी द्यावी’ असा एक लहानसा संदेश मनोऱ्यावरून मध्यवर्ती संगणकाकडे पोहोचतो. हा संगणक म्हणजे आपल्या सभेचा अध्यक्ष. गटात कोण कोण आहे आणि या क्षणी कोणी बोलत आहे काय, हे त्याला ठाऊक असते. वाट मोकळी असेल तर तो परवानगी देतो आणि आपल्या फोनमधून एक बारीक ‘टुक्’ असा आवाज येतो. तो ऐकल्यावरच बोलावयाचे. जे घाई करतात त्यांचा पहिला शब्द वाऱ्यावर जातो. आणि ‘थांबू नका’ यातला पहिला शब्द गेला तर काय होईल, हे सांगावयास नको. वाट मोकळी नसेल तर नकाराचा वेगळा ध्वनी येतो किंवा आपले नाव रांगेत लागते. एकेरी लोहमार्गावर ज्याच्या हाती टोकनाचा गोळा असेल त्याच गाडीने पुढे जावयाचे, ही रेल्वेची जुनी शिस्त आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. येथील परवानगी म्हणजे तो गोळाच आहे. ती मुदतीची असते. कोणाची कळ अडकून राहिली, तर मुदत संपताच संगणक गोळा काढून घेतो.

परवानगी मिळाली म्हणजे आवाजाचे अंक होऊ लागतात. फोन एका सेकंदात आवाजाची ८,००० मापे घेतो. ती जशीच्या तशी पाठविली तर सेकंदाला ६४,००० अंकचिन्हे पाठवावी लागतील. म्हणून बोलण्याचे २० सहस्रांश सेकंदांचे तुकडे करून त्यांतील आवश्यक तेवढाच भाग ठेवतात. प्रचलित पद्धतीत हे काम सेकंदाला १२,२०० किंवा त्याहून कमी चिन्हांत होते. असे तुकडे क्रमांक घालून पुडक्यांत बांधले जातात आणि संगणकाकडे जातात. संगणक प्रत्येक पुडक्याच्या जितके श्रोते तितक्या प्रती काढतो आणि ज्याच्या त्याच्या मनोऱ्याकडे पाठवितो. एक श्रोता पणजीत, दुसरा इंदुरात आणि तिसरा बडोद्यात असला तरी त्याला फरक पडत नाही. वॉकी-टॉकीची पाच किलोमीटरची मर्यादा येथे संपते.

ही पुडकी वाटेत मागेपुढे होतात. नळाचे पाणी थांबत थांबत येत असले तरी घरच्या टाकीतून ते एकसारखे मिळते. तसा ऐकणाऱ्याचा फोन काही पुडकी क्षणभर साठवितो, क्रम लावतो आणि मग आवाज सोडतो. या साठवणीस थोडा वेळ लागतो. शिवाय वीज वाचविण्यासाठी फोनचा बिनतारी भाग एरवी झोपलेला असतो. त्याला जागे करण्यात आणखी वेळ जातो. जुन्या, मंद जाळ्यांवर कळ दाबल्यापासून आवाज पोहोचेपर्यंत काही सेकंद जात. गप्पांत ते चालते; आगीत चालत नाही.

या क्षणांची किंमत किती असते, हे ११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्कमधील घटनांवरून दिसून आले. त्या दिवशी तेथील अग्निशमन दलाचे ३४३ जवान मृत्युमुखी पडले. पुढे २००४ साली चौकशी आयोगाने आपला अहवाल दिला. उंच मनोऱ्यांत बिनतारी लहरी पोहोचाव्यात म्हणून तेथे ध्वनी पुढे पाठविणारे एक यंत्र बसविलेले होते. त्याला दोन कळी होत्या. एक दाबली गेली. दुसरी दाबली गेली नाही. त्यामुळे उत्तर मनोऱ्याच्या तळाशी असलेल्या अधिकाऱ्यांनी यंत्र चालत नाही असे समजून त्याचा नाद सोडला. इतर वाहिन्यांवर बोलणाऱ्यांची गर्दी झाली. दक्षिण मनोरा कोसळल्यावर उत्तर मनोरा सोडून बाहेर पडण्याचा हुकूम दिला गेला, पण तो सर्वांना ऐकू गेला नाही. पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून उत्तर मनोऱ्याची ढासळती स्थिती दिसत होती. परंतु पोलिसांची वाहिनी वेगळी आणि बंबवाल्यांची वेगळी. सारा अनर्थ एका कळीमुळे झाला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र धैर्याची वाण नसतानाही केवळ निरोप न पोहोचल्याने माणसे कशी दगावतात, याचा हा दाखला आहे.

असे प्रसंग ध्यानात घेऊन मोबाइल जाळ्यांचे नियम ठरविणाऱ्या जागतिक संघटनेने, म्हणजे थ्री-जी-पी-पीने, २०१६ साली आणीबाणीच्या सेवांसाठी स्वतंत्र नियम पूर्ण केले. त्यांत वेळेची अट कडक आहे. कळ दाबल्यापासून बोलण्याची परवानगी मिळेपर्यंत ३०० सहस्रांश सेकंदांहून अधिक वेळ जाता कामा नये. आणि बोलणाऱ्याच्या तोंडून शब्द निघाल्यापासून ऐकणाऱ्याच्या कानी पडेपर्यंतही तेवढ्याहून अधिक नको. येथील अध्यक्षाला पायरी कळते. शिपाई बोलत असताना प्रमुखाने कळ दाबली तर गोळा प्रमुखाकडे जातो; संकटात सापडलेल्या जवानाने आणीबाणीची कळ दाबली तर त्यालाही अग्रमान मिळतो. लोकांच्या फोनांनी जाळे तुंबले तरी या आवाजासाठी वाट राखलेली असते. एका टापूत श्रोते पुष्कळ असतील, तर प्रत्येकाला वेगळी प्रत न पाठविता नभोवाणीप्रमाणे एकच प्रक्षेपण सर्वांना ऐकविता येते. मनोराच नाहीसा झाला तर जवळजवळचे फोन परस्परांशी सरळ बोलू शकतील, अशीही तरतूद नियमांत आहे. अर्थात तसे फोन असले पाहिजेत आणि अंतर थोडे असले पाहिजे.

सामान्य फोनवरील गोष्ट निराळी, आणि या बाबतीत भाबडेपणा घातक ठरतो. २०१७ साली अमेरिकेत हार्वे नावाचे चक्रीवादळ आले, तेव्हा ह्यूस्टन भागात नावा घेऊन गेलेल्या स्वयंसेवकांनी झेलो नावाच्या अशाच एका सोयीचा फार चांगला उपयोग केला. लगोलग इर्मा हे दुसरे वादळ आले आणि झेलो इंटरनेटवाचूनही चालते अशी अफवा पसरली. कंपनीला स्वतः सांगावे लागले की तसे नाही. फोनच्या पडद्यावर वॉकी-टॉकीचे चित्र आले म्हणून फोन वॉकी-टॉकी होत नाही. मनोरा, त्याची वीज आणि मध्यवर्ती संगणक यांपैकी एक तुटले की कळ दाबून काही व्हावयाचे नाही. म्हणून जेथे जिवाशी गाठ आहे, तेथे खरेखुरे बिनतारी संच जवळ ठेवणे शहाणपणाचे.

आपल्या देशात केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये भारतीय रेल्वेला स्वतःच्या मोबाइल जाळ्यासाठी लहरींचा स्वतंत्र पट्टा देण्यास मान्यता दिली. इंजिनचालक आणि गार्ड यांच्यात अखंड बोलणे व्हावे, हा तिचा एक हेतू आहे. टोकनाचा गोळा हातोहात देणाऱ्या रेल्वेने बोलण्याचा गोळाही असा सांभाळावा, हे योग्यच आहे.

यंत्र किती वेगवान झाले तरी एक भाग माणसाकडे उरतोच. अध्यक्षाने परवानगी दिली तरी नेमके काय बोलावे, हे तो सांगत नाही. कळ दाबण्यापूर्वी वाक्य मनात जुळवावे, ‘टुक्’ ऐकून बोलावे, थोडक्यात आटोपावे आणि कळ सोडावी. आपण ती सोडली तरच दुसऱ्याला बोलता येते. पलीकडे ज्याला बोलावयाचे आहे, तो कदाचित मदत मागत असेल.