पॅटर्न कोठे गेला?

ओतकामास आधी लाकडी पॅटर्न लागतो, हे बेळगावकरांस सांगावयास नको. फौंड्रीच्या स्टोअरमध्ये असे शेकडो पॅटर्न पडून असतात आणि नेमका हवा तोच सापडत नाही. मग काम अडते व संशय येतो तो शिकाऊ उमेदवारावर. आपल्या ट्रस्टच्या मदतीने आय. टी. आय. शिकलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याच्या पगारातून असेच पैसे कापले गेले. पॅटर्न पुढे दुसऱ्याच फळीवर निघाला. पैसे काही परत मिळाले नाहीत.

अशा वेळी आर. एफ. आय. डी. कामी येते. वस्तूला एक लहानसा टॅग लावतात. त्यात बारीकशी चिप व अँटेना असते. साध्या टॅगात बॅटरी नसते. रीडरने सोडलेल्या रेडिओलहरींतूनच त्यास शक्ती मिळते व तो आपला क्रमांक कळवितो. बारकोडासारखा तो नजरेसमोर धरावा लागत नाही. काही मीटरांवरून एकाच वेळी अनेक टॅग वाचता येतात. टोलनाक्यावरचा फास्टॅग याच जातीचा. अमेरिकेत मारिओ कार्डुलो यांना अशा यंत्रणेचे पेटंट १९७३ साली मिळाले.

लोखंडाशी मात्र याचे जमत नाही. धातूला चिकटविलेला साधा टॅग मुका होतो. तेथे खास बनावटीचा, महाग टॅग लागतो. लाकडी पॅटर्नला ही अडचण नाही. स्टोअरच्या दारावर रीडर बसविला की पॅटर्न केव्हा बाहेर गेला, याची नोंद आपोआप होते. तो कोणी नेला, हे मात्र टॅग सांगत नाही. त्यासाठी नेणाऱ्याच्या ओळखपत्रातही टॅग हवा. आणि आमच्या मते तो उमेदवाराइतकाच मुकादमाच्याही गळ्यात हवा.