विड्याची गर्दभ सवारी

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की पाली येतं, बिंदुसरेचा तलाव दिसतो आणि पुढे मांजरसुंब्याला केज-अंबाजोगाईचा फाटा फुटतो. त्या केज तालुक्यात विडा नावाचं गाव आहे. बाकी वर्षभर बातमीत नसलेलं हे गाव धुळवडीला हमखास पेपरात येतं, कारण त्या दिवशी तिथं जावयाला गाढवावर बसवून मिरवतात.

गावकरी सुरुवात सांगतात ती 80-90 वर्षांपूर्वीची, म्हणजे बीड निजामाच्या राज्यात होतं तेव्हाची. गावातले मानकरी आनंदराव देशमुख यांचे जावई धुळवडीला सासुरवाडीत होते आणि रंगाला काही केल्या तयार होईनात. सासऱ्यांनी मग सजवलेलं गाढव आणवलं, जावयाला वर बसवलं, गावातून फिरवलं, ओवाळलं आणि नवे कपडे, सोन्याची अंगठी देऊन मान केला. थट्टा एका घरातली होती. पुढच्या वर्षांत ती गावाची झाली.

आपल्याकडे जावयाइतका लाडावलेला पाहुणा दुसरा नाही. दिवाळसण त्याचा, धोंड्याच्या महिन्यात चांदीच्या ताटातले अनारसे त्याचे, लग्नातला रुसवाही त्याचाच. सासरा वर्षभर हात जोडून उभा. त्याची वसुली विडेकर एका सकाळी करतात, आणि तीही मेहुण्यांच्या हातून. गाढवावरून धिंड ही जुनी शिक्षा. युरोपातही बायकोचा मार खाणाऱ्या नवऱ्याला गाढवावर उलटं बसवून गावभर फिरवत. विड्यात शिक्षेचं सामान तेच, पण शेवटी आहेर. हा उलटफेर ज्याला सुचला तो माणूस बेरकी असणार.

खरी मौज आधीच्या तीन-चार दिवसांत असते. गावातली पोरं नव्या जावयाचा माग काढतात. तो निसटू नये म्हणून पहारा ठेवतात. जावयांनाही सगळं ठाऊक असतं, म्हणून होळी जवळ आली की सासुरवाडीचं निमंत्रण टाळायला त्यांना कामं सुचू लागतात. एकदा सापडला की सुटका नाही. गाढवाच्या गळ्यात चपलांचा हार, जावयाच्या अंगावर रंग, आणि वाजतगाजत निघालेली वरात गावाच्या मधून हनुमानाच्या देवळापर्यंत. तिथं पसंतीचे कपडे मिळतात. पळणाऱ्याचं पळणं आणि धरणाऱ्यांचं धरणं यात निम्मं नाटक असावं, असं मला वाटतं. मनापासून नको असलेला माणूस देवळापर्यंत हसत पोचत नाही.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, अशीच लोकांनी उभी केलेली. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून. तिला शहर मिळालं, हजारोंची गर्दी मिळाली, बडग्या नावाच्या पुतळ्यांच्या रूपानं राजकारणावर बोलायची सोय मिळाली. विड्याची सवारी तशी वाढली नाही. एक गाढव, एक जावई, एक देऊळ. टीव्हीचे कॅमेरे आले, मोबाईलवर चित्रफिती फिरू लागल्या, तरी कार्यक्रमाचं माप बदललं नाही, आणि ते बरंच झालं. प्रायोजक लागला असता तर गाढवावर आधी फलक चढला असता.

2021 ची धुळवड 29 मार्चला आली, तेव्हा बीड जिल्ह्यात करोनाची टाळेबंदी होती. माग काढणाऱ्या पोरांचाच माग पोलिसांनी काढावा अशी वेळ. निर्बंध उठले आणि गाढव पुन्हा निघालं.

या सगळ्या वर्षांच्या बातम्यांत एक गोष्ट मात्र खटकते. गाढवाचा उल्लेख असतो, कपड्यांचा असतो, जावयाचं नाव आणि गाव असतं, सासऱ्याचं असतं. जिच्यामुळे तो विड्याचा जावई झाला, ती लेक त्या सकाळी कुठं उभी होती, हे सहसा कुणी विचारत नाही.