घेवड्याचा कस
घेवड्याच्या कोरड्या दाण्यात शेकडा २० ते २५ भाग प्रथिने असतात. परंतु हे प्रमाण वाण व जमीन यांनुसार बदलते. हवेतील नत्र साठविणाऱ्या गाठी घेवड्याच्या मुळांवर इतर कडधान्यांच्या मानाने कमी धरतात. म्हणून नत्राचा पुरवठा अपुरा पडल्यास उत्पन्नाबरोबर दाण्यातील प्रथिनेही घटतात. जमिनीत जस्ताची उणीव असल्यास दाण्यातही ते कमी उतरते. गडद वाणांच्या सालीत टॅनिन सामान्यतः अधिक असते. त्यामुळे शरीरात लोह कमी शोषले जाते. उष्ण, दमट जागी साठविलेला दाणा कठीण होऊन लवकर शिजत नाही, आणि अर्धकच्चा घेवडा विषबाधा करतो. यास्तव माती तपासून खत द्यावे, दाणा थंड व कोरड्या जागी साठवावा आणि रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, खळखळ उकळून पूर्ण शिजवावा, हे ग्राम-कार्यकर्त्यांनी शेतकरी बंधुभगिनींना समजावून द्यावे.